बंद पडलेल्या मेंटल हॉस्पिटलच्या आठवणी कशा जमवायच्या

इंग्लंडातली जुनी मोठी मेंटल हॉस्पिटलं आता जवळपास सगळी बंद झालीत. काही पाडली, काहींचे फ्लॅट झाले. पण तिथे तीस-तीस वर्षं ड्युटी केलेली माणसं अजून आहेत, बहुतेक ऐंशीच्या आसपास आहेत, आणि त्यांच्यात आपली मराठी माणसंही आहेत. साठ-सत्तरच्या दशकात नर्सिंगच्या ट्रेनिंगला आलेल्या मुली, मुंबई-पुणे-नागपूरहून एमबीबीएस करून आलेले डॉक्टर. यातल्या बऱ्याच डॉक्टरांना सर्जरी-मेडिसिनच्या चांगल्या पोस्ट मिळायच्या नाहीत, सायकिएट्रीत नाहीतर म्हाताऱ्यांच्या वॉर्डात जागा असायची, तिथे लागले आणि तिथूनच रिटायर झाले. त्यांच्याकडून हे सगळं कसं काढून घ्यायचं आणि नीट कसं ठेवायचं ते लिहितेय, कारण कागद अजून पन्नास वर्षं टिकतील पण माणसं थांबणार नाहीयेत.

उदाहरणासाठी हाय रॉइड्स घेते, लीड्सजवळ मेन्स्टन गावातलं. १८८८ ला सुरू झालं, २००३ ला बंद झालं, आता तिथे घरं आहेत आणि क्लॉक टॉवर तेवढा तसाच दिमाखात उभा आहे. स्वतःची बेकरी, खाटिकखाना, चपला शिवायचं वर्कशॉप, शेती, नाचाचा मोठा हॉल, आणि कोळसा-सामान आणायला मेन लाइनवरून आत आलेला रेल्वेचा फाटा सुद्धा. अशा ठिकाणी नवरा-बायको दोघंही स्टाफवर असायचे, मुलं क्वार्टर्समधे वाढायची, क्रिकेट टीम, ख्रिसमसचं नाटक, सोशल क्लब सगळं आवाराच्या आतच. म्हणून ते बंद झालं की नुसती नोकरी जात नाही, शेजार जातो. हे डोक्यात ठेवून कामाला लागा.

पहिलं काम, हॉस्पिटलची सगळी जुनी नावं लिहून काढा. हाय रॉइड्स आधी वेस्ट रायडिंगचं (यॉर्कशायरचा पश्चिम भाग) पॉपर ल्युनॅटिक असायलम, म्हणजे गरिबांसाठीचं वेड्यांचं इस्पितळ होतं, मग मेन्स्टन या नावाने ओळखलं जायचं. आर्काइव्हच्या, म्हणजे जुनी दप्तरं जपणाऱ्या संस्थेच्या, कॅटलॉगमधे एकाच नावाने शोधलंत तर निम्मं हातातून सुटतं. आणि स्टाफमधली म्हातारी माणसं तर नुसतं 'मेन्स्टनला होतो' म्हणतात, हॉस्पिटल हा शब्दच उच्चारत नाहीत.

मग माणसं शोधा. डॉक्टर आणि मेट्रन लगेच सापडतात, त्यांच्यावर थांबू नका. किचन, लाँड्री, बॉयलर हाऊस, पोर्टर, माळी, इंडस्ट्रियल थेरपीचे (पेशंटना उपचार म्हणून दिलेलं वर्कशॉपचं काम) इन्स्ट्रक्टर, रात्रपाळीवाले यांना कोणी विचारलेलंच नसतं. स्टाफच्या मुलांनाही विचारा, ती आता पन्नास-साठची आहेत आणि त्यांना आवाराचा कानाकोपरा पाठ असतो. मराठी लोकांसाठी सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे मंडळाचा गणपती नाहीतर दिवाळीचा कार्यक्रम. जेवणाच्या रांगेत एखाद्या काकूंना विचारा की काकू तुम्ही कुठल्या हॉस्पिटलला होता, आणि तुमच्या बॅचला अजून कोण होतं. बॅच हा शब्द काम करतो. एक नाव मिळालं की पुढची चार मिळतात, त्यात एखादी आयरिश मैत्रीण असते, एखादा मॉरिशसचा, एखादी जमैकाची, कारण या हॉस्पिटलांचा स्टाफ असाच सगळीकडून आलेला होता. मराठी तेवढे निवडून बाकीचे सोडू नका, त्यांचं नातं एकमेकांशी होतं.

भेटायला जाताना नकाशा न्या. हे मी सगळ्यात आग्रहाने सांगेन. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटनचं सरकारी नकाशा खातं) जुने नकाशे फुकट आहेत, इंग्लंडचे पण आहेत, पंचवीस इंची (एका मैलाला पंचवीस इंच) मालिकेत प्रत्येक इमारत सुटी दिसते. त्याची मोठी ए थ्री प्रिंट काढा. 'कसं होतं हो तिथे' असं विचारलं की 'चांगलं होतं' एवढंच उत्तर येतं आणि विषय चहावर जातो. त्याऐवजी नकाशा डायनिंग टेबलावर पसरा आणि विचारा, सकाळी ड्युटीवर आलात की कुठल्या दारातून आत शिरायचात. एका काकांनी चष्मा लावला, कॉरिडॉरवर बोट ठेवलं आणि बोलायलाच लागले, हे पहिलं दार, हे दुसरं, हे तिसरं थंडीत अडकायचं, खांद्याने ढकलायला लागायचं आणि दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा साखळीला, कारण दार उघडलं की मागचं बंद केल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग तिथूनच वॉर्ड आला, जेवणानंतर सुऱ्या-काटे मोजून पुरे भरेपर्यंत कोणी जागेवरून उठायचं नाही हे आलं, पॅराल्डिहाइड या पेशंटला शांत करायच्या औषधाचा वास आला, जो पेशंटच्या श्वासाला दुसऱ्या दिवसापर्यंत यायचा आणि ज्याला काचेचीच सिरिंज लागायची कारण प्लॅस्टिक विरघळायचं. यातलं काहीही मी विचारलं नव्हतं. बोट नकाशावर फिरत होतं आणि गोष्टी मागून येत होत्या.

म्हणजे प्रश्न हातातल्या वस्तूंचे आणि रोजच्या क्रमाचे विचारा. शिफ्ट किती वाजता, हँडओव्हर कुठे उभं राहून व्हायचा, युनिफॉर्मच्या बेल्टचा रंग काय आणि त्यावरून हुद्दा कसा कळायचा, कँटीनमधे कोण कोणाजवळ बसायचं, जमीन घासायचा तो जड बंपर कोण ओढायचं (पुष्कळदा पेशंटच ओढायचे, आणि त्याचे त्यांना काय मिळायचं हे पण विचारा). नर्सेस होममधे डाळ-भात करायला परवानगी होती का, पहिल्यांदा मसाला कुठे मिळाला. घरी पाठवलेली पत्रं कोणाकडे आहेत का.

अवघड प्रश्न दुसऱ्या भेटीसाठी ठेवा पण टाळू नका. शॉक ट्रीटमेंट, एकट्याला कोंडून ठेवायची खोली, मारहाण पाहिली का, पाहिल्यावर काय केलं. स्टाफच्या आठवणी प्रेमाच्या असतात आणि त्या खऱ्याच असतात, पण त्याच भिंतींच्या आत कुणाला तरी तीस-चाळीस वर्षं नको असताना ठेवलेलं होतं हेही तितकंच खरं आहे, आणि फक्त डान्स आणि क्रिकेटच्या गोष्टी जमवल्या तर आपण अर्ध्या माणसांना दुसऱ्यांदा पुसून टाकतो. माझं याबाबत ठाम मत आहे. जे चांगलं वागले तेच हे सगळ्यात मोकळेपणाने सांगतात, बाकीच्यांना वेळ द्यावा लागतो.

आपल्या लोकांचं आणखी एक दुखणं आहे ते नक्की विचारा. परदेशातून आलेल्या पुष्कळ मुलींना तीन वर्षांच्या रजिस्टर्ड कोर्सऐवजी दोन वर्षांच्या एनरोल्डला घातलं गेलं, एसईएन (स्टेट एनरोल्ड नर्स) म्हणायचे, आणि तो कोर्स मायदेशी बऱ्याच ठिकाणी धरला जात नसे. म्हणजे परत जायचं तर हातात काही नाही आणि इथे राहायचं तर वर चढता येत नाही. काही मावशींना हे आल्यावर कितीतरी महिन्यांनी कळलं. हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो, तेव्हा मधे बोलू नका.

आणि बंद होण्याबद्दल विचारा. १९६१ साली आरोग्यमंत्री एनॉक पॉवेल यांनी जाहीर भाषणात सांगून टाकलं होतं की ही पाण्याच्या टाक्यांवाली जुनी असायलम्स जाणार, पंधरा वर्षांत निम्म्या खाटा लागणार नाहीत. पन्नासच्या दशकात लारगॅक्टिल वगैरे मानसिक आजारांवरची औषधं आली होती, पेशंट घरी राहू शकतील असं वाटायला लागलं होतं. प्रत्यक्षात बरीचशी हॉस्पिटलं नव्वदच्या दशकापर्यंत आणि त्यानंतरही चालू होती. म्हणजे बंद होणार बंद होणार ऐकतच लोकांनी अख्खी नोकरी काढली. शेवटचा वॉर्ड हलवला तेव्हा कोण कुठे गेलं, कुठल्या पेशंटला ग्रुप होम (थोड्या जणांनी मिळून राहायचं घर) मिळालं, कोणाचं नीट झालं नाही, हे स्टाफइतकं कोणालाच माहीत नसतं.

रेकॉर्डिंग फोनवर चालतं, वेगळं मशीन लागत नाही. एअरप्लेन मोड लावा, फोन टेबलावर रुमाल घालून ठेवा, टीव्ही आणि फ्रिजपासून लांब बसा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, जागा आणि कोण बोलतंय ते सांगा. संमतीचा कागद आधी समजावून सांगा पण सही शेवटी घ्या, कारण काय बोललो ते माहीत झाल्यावरच माणूस नीट ठरवू शकतो, आणि त्यात नाव द्यायचं की नाही, आत्ता ऐकवायचं की वीस वर्षांनी, हे वेगवेगळं विचारा. त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी. मराठी-इंग्लिश मिसळून बोलतात तसंच लिहून काढा, वॉर्ड सिस्टरला परिचारिका करू नका.

पेशंटची नावं. यात अजिबात ढिलाई नको. बोलताना नाव आलंच तर लिहिताना काढा, आणि नुसतं नाव काढून भागत नाही, गाव आणि आजार आणि नात्यातलं कोणी असं तिन्ही आलं की ओळख पटते. इंग्लंडात पेशंटच्या केस फाइल्स साधारण शंभर वर्षं बंद असतात ते यासाठीच. पेशंटचे चेहरे दिसणारे फोटो ऑनलाइन टाकू नका, कितीही छान असले तरी. हॉस्पिटलं रिकामी होताना कचऱ्याच्या स्किपमधून वॉर्डची रजिस्टरं उचलून लोकांनी घरी नेलीत, ती अजून माळ्यावर आहेत. कोणी दाखवली तर आभार माना, फोटो मात्र काढू नका, आणि त्या काउंटीच्या आर्काइव्हला फोन करून ती द्यायची व्यवस्था करून द्या, त्या माणसाला ओरडा बसणार नाही एवढं आधी विचारून घ्या.

स्टाफचे ग्रुप फोटो म्हणजे खजिना. मागे बॉलपेनने लिहायचं नाही, उठतं. मऊ टूबी पेन्सिलने, हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे नावं, लग्नाआधीचं आडनाव पण. ज्याचं नाव कोणालाच आठवत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहा, जागा गाळू नका. सहाशे डीपीआयला स्कॅन करा. नर्सिंगचा बॅज मिळाला तर उलटा करून बघा, पुष्कळदा मागे नाव आणि साल कोरलेलं असतं.

कागदांसाठी, हाय रॉइड्सची दप्तरं वेकफील्डला वेस्ट यॉर्कशायर आर्काइव्ह सर्व्हिसकडे आहेत. दुसरं हॉस्पिटल असेल तर नॅशनल आर्काइव्हजच्या डिस्कव्हरी कॅटलॉगमधे बघा. पेशंटच्या फाइल बंद असल्या तरी जुने वार्षिक रिपोर्ट, कमिटीची मिनिट्स, नोकरांची रजिस्टरं यातलं बरंच बघायला मिळतं. युनियन विसरू नका. असायलम वर्कर्सची युनियन १९१० पासून होती, पुढे तिची कोहसी (आरोग्यसेवेतल्या नोकरांची युनियन) झाली, १९९३ ला ती युनिसन या मोठ्या युनियनमधे मिसळली, आणि कोहसीचं दप्तर वॉरिक युनिव्हर्सिटीच्या मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमधे आहे. पगार, तास, संप, हे सगळं तिथे सापडतं.

दफनभूमीला जाऊन या, आणि स्टाफमधल्या कुणाला तरी बरोबर न्या. मेन्स्टनला १८९० ते १९६९ मधे २,८६१ पेशंट खुणेच्या दगडाशिवाय पुरलेत, आता तिथे स्मृतिउद्यान आहे. लंडनजवळ एप्समला पाच मेंटल हॉस्पिटलांची मिळून हॉर्टनची दफनभूमी आहे, तिथे नऊ हजारांच्या आसपास माणसं आहेत आणि ती जमीन १९८३ ला बिल्डरला विकली गेली होती. तिथे स्वयंसेवक एकेका माणसाचं आयुष्य शोधून लिहितायत, सेन्ससवरून, जन्ममृत्यूच्या दाखल्यांवरून, आणि नातेवाईकही त्यातून पुढे येतात. ही पद्धत उचलण्यासारखी आहे.

महाराष्ट्रातलं सांगायचं तर आपली ठाण्याची (१९०१) आणि रत्नागिरीची (१८८६) मनोरुग्णालयं चालू आहेत, तिथल्या रिटायर्ड अटेंडंट आणि सिस्टर्सशी आत्ताच बोलता येईल, बंद पडायची वाट कशाला बघायची. भारतात २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टमधे पेशंटच्या गोपनीयतेचं कलम आहे, कलम २३, ते आधी वाचा.

आता रीयुनियन. दुपारी ठेवा, बस जिथे थांबते तिथे, पायऱ्या नसलेला हॉल. नावाच्या चिठ्ठीवर लग्नाआधीचं आडनाव, वॉर्ड आणि साल मोठ्या अक्षरात, कारण चेहरे ओळखू येत नाहीत. एका टेबलावर नकाशा आणि पेन्सिली, एका टेबलावर फोटो, आणि बाजूच्या शांत खोलीत रेकॉर्डिंग. माइकवरची भाषणं नकोत, लोकांना एकमेकांशी बोलायचं असतं. ज्यांना तिथे त्रास झाला ते येणार नाहीत, त्यांना घरी जाऊन भेटा. पूर्वीच्या पेशंटना बोलवायचं का हा प्रश्न येतोच. माझ्या मते त्यांना कार्यक्रमाच्या आखणीतच सामील करून घ्यावं नाहीतर बोलावू नये, नुसतं येऊन बसा म्हणणं बरोबर नाही.

शेवटी मूळ फाइली, फोटो आणि संमतीचे कागद आर्काइव्हला रीतसर देणगीपत्रावर द्या, कुठलं कधी खुलं करायचं ते त्यातच लिहून. आणि प्रत्येक घरी एक पेन ड्राइव्ह, त्यात आवाज आणि लिहून काढलेलं, सोबत इंग्लिश भाषांतर, कारण नातवंडांना मराठी वाचता येत नाही आणि आजीने चाळीस वर्षं नक्की काय काम केलं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.