दुबईची गाडी सोलापुरात आणायचीय?
पाहुण्याने दुबईहून गाडी पाठवतो म्हटलं की आधी फोटोत स्टीअरिंग बघा. तिथे ते डावीकडे असतं, आपल्याकडे उजवीकडेच लागतं. विषय तिथेच मिटला. जुनी गाडी असेल तर वय तीन वर्षांच्या आत हवं, तेही नोंदणीपासून नव्हे, कारखान्यातून बाहेर पडल्यापासून. इथेच भले भले फसतात. स्पीडोमीटर किलोमीटरचा आणि हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या रहदारीला साजेसा हवा, नाहीतर पुणे रोडवर रात्री समोरच्याचे डोळे दिपायचे. जुनी गाडी फक्त मुंबई बंदरातच उतरते. तिथला एजंट ‘एमएच-१३ नंबर मी बघतो’ म्हणाला, तरी पैसे पाठवण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन कागद विचारून घ्या.