सीमाभागातील शोधमोहीम : पोलीस आणि स्वयंसेवी पथकांनी एकत्र काम कसे करावे

खानापूरच्या जंगलात कोणी वाट चुकले किंवा घटप्रभेत कोणी वाहून गेले, की पोलिसांची गाडी पोचण्याआधीच आसपासच्या गावांतील तरुण, ट्रेकिंगवाले आणि मच्छीमार तेथे हजर असतात. मदतीला माणसे मिळत नाहीत, अशी वेळ आपल्या भागात सहसा येत नाही. अडचण होते ती कोण कुठे गेला आहे, कोणाच्या सांगण्यावरून गेला आहे आणि परत आला की नाही, याचा मेळ न लागल्याने. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडे चंदगड-दोडामार्ग या पट्ट्यातील ज्या पथकांना अशा मोहिमांत नियमितपणे उतरायचे आहे, त्यांच्या प्रमुखांना पोलिसांची कार्यपद्धती आणि त्यातील आपली जागा कळावी, यासाठी ही माहिती दिली आहे.

मोहिमेचा प्रमुख कोण

अमेरिकेच्या पश्चिमेकडील अनेक राज्यांत शोध आणि बचावाची जबाबदारी कायद्यानेच काउंटी शेरीफवर, म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या पोलीस प्रमुखावर, सोपवलेली असते आणि स्वयंसेवी पथके त्याच्या हाताखाली काम करतात. आपल्याकडे ही जबाबदारी प्रसंगानुसार वेगवेगळ्या खात्यांकडे जाते. एखादी व्यक्ती बेपत्ता असेल तर तक्रार नोंदवलेल्या ठाण्याचा पोलीस निरीक्षक किंवा उपनिरीक्षक मोहीम चालवतो. अपघात पाण्यात झाला असेल तर प्रत्यक्ष बचावाचे काम अग्निशमन दल करते आणि कर्नाटकात राज्य आपत्ती प्रतिसाद दलही त्याच खात्याकडे आहे. पूर किंवा दरड असेल तर २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणाकडे जातात. एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) किंवा लष्कराची मदतही त्यांच्यामार्फतच मागवली जाते. म्हणून घटनास्थळी पोचताच पथकप्रमुखाने पहिला प्रश्न विचारावा तो आज निर्णय कोणाचा, हा. आणि उत्तरात दोन नावे आली, तर त्या दोघांना समोरासमोर आणल्याशिवाय एकही माणूस पुढे पाठवू नये.

तक्रारीसाठी चोवीस तास थांबावे लागते, हा गैरसमज अजूनही टिकून आहे. असा कोणताही नियम नाही. बेपत्ता व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार पोलिसांनी सरळ गुन्हाच नोंदवायचा असतो. पथकाला नातेवाइकांचा थेट फोन आला तरी त्यांना आधी ११२ वर कळवायला सांगावे, कारण ठाण्यात नोंद झाल्याखेरीज मोबाइलचे टॉवर लोकेशन मिळत नाही. ती माहिती सेवा कंपन्या पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत आलेल्या मागणीवरच देतात.

घटना घडण्याआधीची तयारी

ज्या पथकाची ओळख ठाण्याला पूर्वीपासून आहे, त्याच पथकाला रात्री दोन वाजता फोन येतो. पावसाळ्यापूर्वी सदस्यांची यादी ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन विभागात लेखी द्यावी. तीत नाव, वय, रक्तगट, घरच्यांचा फोन, विमा आणि मुख्य म्हणजे कोणाला नेमके काय येते हे लिहावे. दोरावर उतरणारा, पोहणारा, प्रथमोपचार जाणणारा आणि नुसता चालणारा हे चार वेगळे लोक आहेत, हे अधिकाऱ्याला यादीवरूनच कळायला हवे. शक्य असेल त्यांनी आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी असलेल्या सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेतील बारा दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे. खाकी पँट आणि लष्करी ठिपक्यांचे जॅकेट घालून येण्याची हौस मात्र घरीच ठेवावी. अंधारात कोण पोलीस आणि कोण स्वयंसेवक हे न कळणे कोणाच्याच हिताचे नसते.

बोलावणे येण्याचा आणि जाण्याचा मार्ग एकच असावा. ठाण्याने पथकप्रमुखाला फोन करावा आणि प्रमुखाने आपल्या लोकांना. व्हॉट्सअॅपच्या गटात ‘माणूस हरवला आहे, ताबडतोब या’ असा संदेश पडला की तो तासाभरात कोल्हापूरपर्यंत फिरतो आणि माणूस सापडल्यावरही दोन दिवस फिरतच राहतो. जांबोटीच्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या आणि रुग्णवाहिका मध्येच अडकली, तर त्या गर्दीला मदत म्हणता येणार नाही.

जंगलाच्या तोंडाशी ठेवायची वही

माझ्या मते संपूर्ण मोहिमेतील सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे दोनशे पानी साधी वही. जंगलात शिरण्याच्या जागी एक टेबल, एक पोलीस शिपाई आणि ही वही एवढे असले की निम्मे काम झाले. तीत तुकडीचा क्रमांक, प्रत्येकाचे नाव, गाव, फोन, नेमून दिलेली वाट, आत गेल्याची वेळ, परतण्याची ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष परतल्याची सही असे रकाने आखावेत. गावचा पुढारी असो की पत्रकार, वहीत नाव लिहिल्याशिवाय कोणालाही आत सोडू नये. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात एखादी तुकडी परतली नाही, तर दुसरी तुकडी पाठवण्याआधी पहिलीचा पत्ता लावावा, नाहीतर एका माणसाला शोधताना सहा जण हरवतात.

तुकडी चार ते सहा जणांची पुरे. तिच्यात एक पोलीस, एक वनरक्षक आणि त्या वाटा रोज तुडवणारा एक स्थानिक माणूस असावा. हातात कोयता घेऊन पुढे चालणारा गवळी नकाशावर न दिसणाऱ्या पाणवठ्यापर्यंत सरळ नेतो. वनरक्षकाची गरज कायद्यानेही आहे. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य सुमारे १९० चौरस किलोमीटरचे आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. माणूस शोधायला गेलो होतो, ही सबब आपोआप चालत नाही. शिवाय अस्वल आणि गवा यांच्या जागा जंगल खात्याच्या माणसालाच ठाऊक असतात.

शोध शेवटच्या दिसलेल्या ठिकाणापासून सुरू करावा. ते ठिकाण नक्की कोणी पाहिले, किती वाजता पाहिले आणि अंगावर कोणते कपडे होते, हे पोलिसांनी नातेवाइकांना आणि सोबत्यांना वेगवेगळे विचारावे, कारण एकत्र बसवले की सगळ्यांची आठवण सारखीच होते. प्रथम पायवाटा, ओढे, धबधब्याची वाट आणि जवळच्या वस्त्या वेगाने पाहून घ्याव्यात. त्याच वेळी जंगलातून रस्त्यावर निघणाऱ्या वाटांवर माणसे बसवावीत, म्हणजे हरवलेला माणूस चालत बाहेर आला तर तो नजरेतून सुटणार नाही. रांग धरून झाडी पिंजून काढण्याचे काम यानंतरचे. हाक मारल्यावर किंवा शिट्टी वाजवल्यावर पूर्ण मिनिटभर सर्वांनी गप्प राहावे. सततच्या ओरडण्यात उत्तर ऐकू येत नाही. चप्पल, पिशवी, बाटली असे काही दिसले तर हात न लावता फोटो काढावा, जागेवर खूण करावी आणि नियंत्रण केंद्राला कळवावे. घातपाताची शक्यता पोलीस शेवटपर्यंत गृहीत धरतात आणि त्यांनी तसे धरायलाच हवे.

सीमाभागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. वायरलेसवर कन्नड चालते, गावकरी मराठीत सांगतात, गोव्याकडून आलेले कोंकणी बोलतात. निघण्यापूर्वी चारच शब्द आणि आकडे कोणत्या भाषेत बोलायचे ते ठरवून घ्यावे : सापडला, जखमी, थांबा, परत या. कणकुंबी-चोर्ला भागात मोबाइल पलीकडच्या राज्यातील टॉवर पकडू शकतो, त्यामुळे लोकेशन गोव्याचे आले म्हणजे माणूस गोव्यात गेला, असा निष्कर्ष घाईने काढू नये. हद्द ओलांडण्याची वेळ आली तर खानापूर ठाण्याने गोव्यातील वाळपई किंवा महाराष्ट्रातील दोडामार्ग, चंदगड ठाण्याला आधी कळवायचे असते. महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या बचाव पथकांचे स्वतंत्र समन्वय केंद्र आहे. तेथून मदत हवी असल्यास ती इकडच्या ठाण्याच्या विनंतीवरून यावी, ओळखीपाळखीने नव्हे.

पाण्यातील शोध

पाण्याजवळ शिस्त अधिक कडक हवी. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले होते, आणि त्या पाण्याचा बराचसा भाग वरच्या अंगाला, कोल्हापूर जिल्ह्यात पडलेल्या पावसाचा असतो. म्हणून बोट सोडण्यापूर्वी अधिकाऱ्याने पाटबंधारे खात्याशी, आणि गरज असेल तर पलीकडच्या राज्यातील खात्याशीही बोलून धरणातून किती पाणी सुटणार आहे हे विचारून घ्यावे. घटप्रभेसाठी हिडकल आणि मलप्रभेसाठी नविलतीर्थ धरणावर चौकशी करावी. लाइफ जॅकेट नसलेल्याला काठापासून मागे ठेवावे, तो कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी.

उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातील शिरूर येथे १६ जुलै २०२४ रोजी दरड कोसळली, तेव्हा गंगावळी नदीच्या पात्रात नौदल, एनडीआरएफ आणि स्वयंसेवी पाणबुडे यांनी शोध घेतला. प्रवाहाचा जोर आणि गाळ यांमुळे काम थांबवावे लागले, आणि नदीत गेलेला ट्रक बेपत्ता चालकाच्या मृतदेहासह २५ सप्टेंबरला, ड्रेजर (गाळ उपसणारे यंत्र) आणल्यानंतर सापडला. बुडी मारण्याची तयारी असलेल्या माणसाला थांबवणे अधिकाऱ्याला फार जड जाते, विशेषतः काठावर घरचे लोक रडत असताना. तरीही तो निर्णय त्याचाच राहिला पाहिजे आणि पथकाने जागेवर त्याच्याशी वाद घालू नये. घरच्यांजवळ मात्र पहिल्या तासापासून एक ठरावीक पोलीस कर्मचारी बसवावा, म्हणजे त्यांना खरी माहिती एकाच तोंडातून मिळेल.

सापडल्यानंतर

माणूस जिवंत असेल तर प्रथमोपचार, १०८ ची रुग्णवाहिका आणि नियंत्रण केंद्राला कळवणे, एवढेच पथकाचे काम. मृत असेल तर शरीर वाहून जाण्याचा धोका नसल्यास जागेवरून हलवू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पंचनामा त्या हद्दीतील पोलीस करतात. म्हणजे खानापुरातून बेपत्ता झालेल्याचा मृतदेह गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या हद्दीत मिळाला, तर पंचनामा गोवा पोलिसांचा. ओळख पटण्यापूर्वी कोणाचेही नाव किंवा फोटो बाहेर जाता कामा नये, आणि घरच्यांना बातमी पोलिसांनीच द्यावी.

मोहीम संपल्याचे अधिकाऱ्याने स्पष्ट शब्दांत जाहीर करावे. त्यानंतर वही पुन्हा उघडून शेवटच्या सहीपर्यंत माणसे मोजावीत, वॉकीटॉकी, दोर, टॉर्च ज्याचे त्याला परत करावेत आणि कोणाला लागले-खुपले असेल तर ते त्याच दिवशी ठाण्याच्या नोंदीत घालावे, कारण पुढे विम्याचा दावा करताना हीच नोंद मागितली जाते. वहीच्या पानांची एक प्रत बेपत्ताच्या फाइलला जोडावी आणि दुसरी पथकप्रमुखाने आपल्याकडे ठेवावी. त्याच परिसरात पुन्हा कोणी हरवले तर कोणत्या वाटा किती वेळात पाहून झाल्या होत्या, हे तिच्यावरून कळते.