घरकाम वाटून कसे घ्यावे: सोपवलेले काम पुन्हा हाती न घेण्याची रीत

घरातील कामे वाटून घेण्याविषयीचे बहुतेक सल्ले एका तक्त्यापाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. कागद घ्यावा, त्यावर वार आणि नावे लिहावीत आणि तो फ्रिजवर चिकटवावा. असे दोन तक्ते आमच्याही स्वयंपाकघरात लागले होते. पहिला अकरा दिवस टिकला आणि दुसरा गौरी येण्याआधीच निरुपयोगी ठरला. त्यानंतर माझ्या घरात, धाकट्या बहिणीच्या घरात आणि आमच्या इमारतीतील दोन बिऱ्हाडांत ही वाटणी बसवताना मी ती जवळून पाहिली आहे, त्यामुळे तक्ता करणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे, हे खात्रीने सांगू शकते. अवघड असतात ते काम सोपवल्यानंतरचे पहिले काही आठवडे.

वाटणी करावी की करू नये, हा प्रश्न मी येथे घेत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीत, घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती आणि पुरुषांची ९७. शिवाय असे काम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के होते, तर पुरुषांत २६.१ टक्के. जानेवारी २०२१ मध्ये अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात गृहिणीच्या कामाचे मोल कसे धरावे हे सांगताना सर्वोच्च न्यायालयानेही या पाहणीचा आधार घेतला होता. वाटणीची इच्छा घरात आहे आणि मोठी माणसे त्यासाठी एकत्र बसायला तयार आहेत, असे मी गृहीत धरते.

प्रथम आठवडाभर एक वही स्वयंपाकघरात ठेवावी आणि घरात जे जे काम होईल ते करणाऱ्याने त्यात लिहावे. हाताने होणारी कामे सगळ्यांना सुचतात, परंतु रात्री विरजण लावणे, शाळेच्या गटावर आलेली सूचना वाचून पांढरे बूट वाळलेले आहेत का ते पाहणे, आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवसांत संपणार हे ध्यानात येणे, ही कामे कोणी लिहीत नाही. ती लिहिली नाहीत तर पुढची सगळी वाटणी खोटी ठरते.

वाटणी करताना एकच पथ्य पाळावे: कामांची संख्या मोजू नये, ती वर्षातून किती वेळा करावी लागतात ते मोजावे. महावितरणचे बिल वर्षातून बारा वेळा भरायचे असते, महापालिकेच्या मिळकतकराचे हप्ते दोनच असतात, आणि दूध मात्र ३६५ दिवस तापवावे लागते. एकाकडे बिले, गाडीची दुरुस्ती आणि बँक, दुसरीकडे कणीक, भाजी, डबा आणि ओटा, अशी वाटणी कागदावर समसमान दिसते आणि प्रत्यक्षात ती वाटणी नसतेच. रोजच्या कामांपैकी किमान एक संपूर्ण काम घरातील प्रत्येक मोठ्या माणसाकडे आणि बारा वर्षांवरील प्रत्येक मुलाकडे गेले पाहिजे. मुलगा आणि मुलगी यांच्यात त्या बाबतीत तिळमात्र फरक करू नये. मुलांना त्याचे पैसे देऊ नयेत, हेही माझे ठाम मत आहे, कारण पैसे दिले की ते काम न करण्याची मुभाही त्याबरोबर विकत मिळते.

येथेच एक गोष्ट सांगून टाकते. घरी भांड्याला किंवा पोळ्यांना मावशी येत असतील, तर त्यांचे काम हा घरातील कोणाचाही वाटा समजू नये. पुण्यातील मोलकरणींनी १९८० मध्ये संप करून आपली संघटना उभी केली. त्यांची आठवड्याची सुट्टी आणि दिवाळीचा बोनस ही आपण केलेली मेहेरबानी नव्हे. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी भांडी कोण घासणार आणि त्यांचा पगार तारखेला कोण देणार, ही मात्र आपली कामे आहेत आणि ती यादीत आली पाहिजेत.

आता अवघड टप्प्याकडे वळते. प्रत्येक कामाचे तीन भाग असतात: ते करायची वेळ आली आहे हे ओळखणे, कसे आणि किती करायचे ते ठरवणे, आणि प्रत्यक्ष करणे. बहुतेक घरांत केवळ तिसरा भाग वाटला जातो. पहिले दोन भाग पूर्वी जिच्याकडे होते तिच्याकडेच राहतात, आणि मग काम हातात एकाच्या व डोक्यात दुसऱ्याच्या, अशी स्थिती होते. तिला वाटते की मला अजून सगळे सांगावे लागते. त्याला वाटते की मी सांगितलेले सगळे करतो, तरी हिची कुरकुर का. दोघेही खरे बोलत असतात.

हे मला आमच्या घरातील पाण्याने शिकवले. पुण्यात राहणाऱ्यांना महापालिकेच्या त्या बातमीची सवय आहे: गुरुवारी दुरुस्तीच्या कामांसाठी पाणीपुरवठा बंद राहील आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. बातमीत पर्वती, वडगाव, वारजे, लष्कर अशा जलकेंद्रांनुसार भागांची नावे असतात, त्यांत आपला भाग आहे की नाही ते पाहावे लागते. आमची इमारत जुनी आहे आणि गच्चीवरची टाकी लहान, त्यामुळे बुधवारी रात्री पाणी भरून ठेवले नाही तर दोन दिवस हाल होतात. हे काम मी नववीतल्या मुलाकडे दिले होते. बातमी मी वाचायचे, बुधवारी संध्याकाळी त्याला सांगायचे आणि तो पिंप व बादल्या भरायचा. वर्षभर मी समजत होते की पाण्याचे काम त्याच्याकडे आहे. एकदा मी दोन दिवस गावी गेले, त्याच आठवड्यात पाणी बंद राहिले आणि घरात एक तांब्याही भरलेला नव्हता. त्याला विचारले तेव्हा त्याने सरळ उत्तर दिले, "आई, तू सांगितलंच नाहीस." त्याचे बरोबर होते. काम माझेच होते. मी त्याचे फक्त हात वापरत होते.

त्यानंतर मी त्याच्यासमोर बसून संपूर्ण काम त्याला दिले: बातमी पाहणे, आपला भाग यादीत आहे का ते पाहणे, किती पाणी लागेल ते ठरवणे, ते भरणे, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत ते पुरवणे. पुढच्या खेपेस त्याने बातमी स्वतः वाचली, बुधवारी पाणीही भरले, पण शुक्रवारचा विचार केला नाही. शुक्रवारी सकाळी सहाला नळातून नुसती हवा येत होती आणि पिंपाचा तळ दिसत होता. त्या वेळी मी जी चूक केली ती सर्वांत महागात पडली. मी बाल्कनीत झाकून दोन हंडे भरून ठेवले होते. ते बाहेर काढले. घरातल्यांची सोय झाली, मला क्षणभर बरे वाटले, आणि त्याच्या पुढच्या खेपेस मुलाने बातमी वाचलीच नाही. त्याने का वाचावी? आई हंडे भरते, हे त्याला कळले होते.

म्हणून माझी पहिली ताकीद अशी आहे: काम सोपवल्यावर गुपचूप त्याची दुसरी सोय करून ठेवू नये. समोरच्याला ती कधी ना कधी दिसतेच, आणि आपल्यावर विश्वास नाही एवढेच त्याला त्यातून समजते. त्यानंतर मी हंडे भरले नाहीत. पुन्हा एक शुक्रवार कोरडा गेला. मुलगा स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याचा जार घेऊन आला आणि घरातल्या प्रत्येकाला त्याने मोजून पाणी दिले. कोणी त्याला बोलले नाही, मीही नाही. तेव्हापासून निळे पिंप शुक्रवारी दुपारी बारापर्यंत उघडायचे नाही, हा नियम त्याने स्वतः केला आणि आजतागायत तो मोडलेला नाही. तो नियम मी सांगितला असता तर आठवडाभरही टिकला नसता.

याला एक अपवाद आहे आणि त्यात हयगय करू नये. औषधे, तान्हे मूल, गॅस आणि आजारी माणूस यांच्याशी संबंधित काम सोपवताना पहिला महिनाभर दोघांनी लक्ष ठेवावे. तिथे चुकून शिकण्याची मुभा नसते. भाजी खारट होणे, शर्टांना इस्त्री नसणे, शुक्रवारी पाणी नसणे, एवढे मात्र घराने सोसले पाहिजे.

दुसरी ताकीद केलेले काम पुन्हा करण्याविषयी आहे. सकाळच्या डब्यांचे काम माझ्या पतींकडे आले, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी फरसबी जाडसर चिरली. मी काही न बोलता सुरी घेतली आणि तीच फरसबी मुलांदेखत बारीक केली. एका शब्दाचाही वाद झाला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते मला विचारू लागले: भाजी कोणती करू, किती करू, फोडणीत काय घालू. महिनाभरात डबे पुन्हा माझ्याकडे आले आणि ते परत यावेत असे मी कधी म्हटलेही नव्हते. दुसऱ्याने केलेले काम त्याच्यादेखत सुधारणे म्हणजे ते परत मागून घेणेच आहे. हे टाळायचे असेल तर काम देतानाच त्यात कमीत कमी काय झाले पाहिजे ते ठरवावे. आमच्याकडे डब्याबाबत दोन गोष्टी ठरल्या: सव्वासातला डबे भरलेले असावेत, आणि त्यांत पोळी व एक भाजी किंवा उसळ असावी. फोडी किती जाड, नारळ घालायचा की दाण्याचे कूट, आठवड्यातून तीनदा बटाटा चालेल का, हे सगळे करणाऱ्याने ठरवायचे. आठवड्यातून तीनदा बटाटा मी दोन महिने खाल्ला. पुढे मुलांनीच वडिलांना सांगितले आणि मंडईतून पालेभाजी येऊ लागली.

प्रश्नांचे काय करावे, हे मला उशिरा कळले, म्हणून सविस्तर सांगते. प्रश्न दोन प्रकारचे असतात. "हिंग कुठे आहे?" हा माहितीचा प्रश्न आहे, त्याचे उत्तर लगेच आणि गोड शब्दांत द्यावे, हवे तर डब्यांवर नावे चिकटवावीत. "आज भाजी कोणती करू?" हा प्रश्न निर्णय परत करणारा आहे. त्याला "तू ठरव, जे करशील ते आम्ही खाऊ" एवढेच उत्तर द्यावे, आणि ते मनापासून असावे. तोंडाने असे म्हणून ताटावर बसल्यावर नाक मुरडले, तर पुढच्या वेळी तोच प्रश्न दुप्पट येतो. पहिल्या दोन आठवड्यांत हे उत्तर दिवसातून चार वेळा द्यावे लागते. त्यात कंटाळून "दोडका कर" असे एकदा जरी म्हटले, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते, असा माझा अनुभव आहे.

ज्याने काम घेतले त्याच्यासाठीही एक अट आहे. "मला सांगायला हवे होते" हे वाक्य त्याने पूर्णपणे सोडावे. तसेच "मी तिला मदत करतो" हेही घरात आणि घराबाहेर म्हणणे सोडावे, कारण मदत दुसऱ्याच्या कामात केली जाते आणि हे काम तर आता त्याचे स्वतःचे आहे. त्याचे अवास्तव कौतुकही करू नये; मी वीस वर्षे डबे केले तेव्हा पाहुण्यांनी त्याची वाखाणणी केली नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती.

घरात सासूबाई असतील तर मुलाला ओट्यापाशी पाहून त्यांना त्रास होतो, आणि तो त्रास खरा असतो, त्याची टिंगल करू नये. आमच्याकडे त्या पहाटे उठून कणीक भिजवून ठेवू लागल्या, म्हणजे मुलाला ते करावे लागू नये. येथे सुनेने एक अक्षरही बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोलायचे ते मुलाने, स्वतःच्या आईशी, एकांतात आणि बायकोचे नाव न घेता बोलायचे. माझ्या पतींनी त्यांना एवढेच सांगितले, "आई, हे माझं काम आहे, मला आवडतं, तू मला पुरणपोळी शिकव." त्यांनी शिकवली. सून सांगते म्हणून मुलगा करतो, असे त्यांना वाटत राहिले असते तर हे कधीच झाले नसते.

एक काम पक्के बसायला आमच्याकडे तीन ते सहा आठवडे लागले. तोवर दुसरे मोठे काम सोपवू नये. एकाच सोमवारी सगळी कामे बदलणारी घरे पुढच्या सोमवारी पूर्वपदावर आलेली मी पाहिली आहेत.

पुढचे सोपे आहे. रविवारी सकाळच्या चहाला पंधरा मिनिटे बसून कोणाला काय जड जाते ते विचारावे आणि गरज असेल तर कामे बदलावीत.

बाहेरगावी जाणाऱ्याने आपले काम कोणाला द्यायचे ते स्वतः शोधून, सांगून आणि नीट समजावून मगच निघावे. उरलेल्यांनी ते आपसूक उचलू नये.

गणपती आणि दिवाळीसाठी मात्र वेगळी यादी करावी, कारण रोजची वाटणी त्या दिवसांत पुरत नाही आणि सगळा भार नकळत जुन्या खांद्यावर परत जातो. गौरींचे आवाहन, पूजन आणि विसर्जन या तीन दिवसांत सोळा भाज्या निवडणे, पंचवीस पाने वाढणे, सवाष्णीला बोलावणे आणि उष्टी काढणे, ही चारही कामे कोणाची हे पंधरा दिवस आधी ठरलेले असावे. यंदा आमच्याकडे बोलावण्याचे आणि पानांच्या हिशेबाचे काम मुलाकडे आहे. त्याने परवा आजीकडून मागच्या वर्षीच्या पाहुण्यांची नावे लिहून घेतली आहेत, आणि ती वही मी उघडून पाहिलेली नाही.