मुलाला टिक्स, अ‍ॅलर्जी आहे आणि सप्लिमेंटही सोसत नाहीत? या चुका टाळा

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना डोळे मिचकावू लागला. आधी वाटलं, डोळ्यांत काही गेलं असेल. मग वाटलं, अ‍ॅलर्जी असेल, कारण ती त्याला लहानपणापासून होतीच. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी अंगभर गांधी उठायच्या. डोळ्यांत घालायचे थेंब झाले, अ‍ॅलर्जीचं औषध वाढलं. मिचकावणं थांबलं आणि आठवड्याभरात नाक ओढणं सुरू झालं. त्यानंतर खाकरणं. या टिक्स होत्या, म्हणजे मुलाच्या मनात नसताना पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली किंवा आवाज. वर्षाच्या शेवटी आमच्या कपाटात नऊ बाटल्या होत्या. त्यांतल्या कशाने बरं वाटलं, कशाने बिघडलं आणि कशाने काहीच झालं नाही, हे मला एकीबद्दलही सांगता येत नव्हतं. ते कपाट आठवूनच हे लिहिते आहे.

टिक्स सगळ्यात वाढलेल्या असताना नवा उपाय सुरू करणं

माझ्या मते बाकीच्या निम्म्या चुका हिच्यातूनच जन्मतात, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलते.

टिक्सचा स्वभाव भरती-ओहोटीचा आहे. काही आठवडे त्या वाढतात, मग आपोआप उतरतात. एक टिक जाते, दुसरी येते. बहुतेक मुलांमध्ये त्या ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान सुरू होतात, १० ते १२ वर्षांच्या सुमारास सगळ्यात जोरात असतात आणि पुढे किशोरवयात बऱ्याच जणांच्या कमी होत जातात. आता आपण नवं औषध, नवी पावडर, नवं पथ्य कधी सुरू करतो? मुलाकडे बघवत नाही तेव्हा. म्हणजे भरतीच्या अगदी टोकाला. त्यानंतर काही केलं किंवा नाही केलं, तरी ओहोटी लागणारच असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि श्रेय जातं त्या बाटलीला.

उलटंही तितक्याच सहज घडतं. पुढची भरती ज्या दिवशी लागते, त्या दिवशी मुलाने जे खाल्लेलं असतं त्याच्यावर खापर फुटतं. आमच्याकडे असं करता करता दूध गेलं, गहू गेला, अंडं गेलं. यांतलं एकही खरं कारण नव्हतं. तो मात्र दोन वर्षं वाढदिवसांना स्वतःचा वेगळा डबा घेऊन जात होता. त्याची खंत मला अजून आहे.

यावर उपाय साधा आहे, पण धीर लागतो. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो चार आठवडे तरी तसाच ठेवायचा. रोज साधारण त्याच वेळी, मूल वाचत किंवा टीव्ही बघत बसलेलं असताना, पाच मिनिटं टिक्स मोजून वहीत आकडा लिहायचा. शक्य असेल तर मोजणाऱ्याला नवीन काय सुरू केलंय हे सांगायचं नाही. मोजणारे आपणच असलो की आशा आकडा खाली ओढते आणि भीती वर. आकड्याशेजारी झोप, सर्दी-ताप, परीक्षा, प्रवास, पाहुणे यांची नोंद करा. दमणूक, ताण, आजारपण आणि आनंदाची उत्तेजनासुद्धा टिक्स वाढवते, म्हणून शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात कोणताही नवा प्रयोग नको. आणि सुरू करण्याआधीच ठरवा, काय दिसलं तर हे बंद करायचं.

हा चार आठवड्यांचा नियम टिक्ससाठी आहे. काही दिल्यानंतर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या किंवा धाप लागली, तर तिथे थांबून बघायचं नसतं. ते लगेच बंद करायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

नाक ओढलं की अ‍ॅलर्जी, असं धरून चालणं

नाक ओढणं, घसा खाकरणं, डोळे मिचकावणं या टिक्स अ‍ॅलर्जीसारख्या हुबेहूब दिसतात. माझ्या मुलाला दोन्ही होतं, त्यामुळे गुंता दुप्पट. मला उपयोगी पडलेल्या खुणा सांगते. अ‍ॅलर्जीत खाज असते. मूल तळव्याने नाक वर चोळतं, पाण्यासारखा शेंबूड येतो, शिंकांची रांग लागते, डोळे लाल होतात. टिकमध्ये नाक बहुधा कोरडं असतं. लक्ष एखाद्या गोष्टीत गुंतलं की ती कमी होते, मूल ती थोडा वेळ दाबून ठेवू शकतं आणि झोपेत ती जवळपास नाहीशी होते. खोकला रात्री वाढत असेल, धावल्यावर येत असेल, छातीतून शिटीसारखा आवाज येत असेल, तर मात्र तो टिक म्हणून सोडून देऊ नका. तो दमा असू शकतो.

मूल थोडं मोठं झालं की त्यालाच विचारा. माझा मुलगा दहाव्या वर्षी म्हणाला, ‘‘आई, नाकात काही नसतं गं. पण ओढलं नाही तर आत काहीतरी अडकून बसल्यासारखं वाटतं.’’ टिकच्या आधी येणारी ही अस्वस्थता बऱ्याच मुलांना साधारण याच वयात शब्दांत सांगता येऊ लागते. चार वर्षांत कुठल्याही तपासणीने मला इतकं स्पष्ट उत्तर दिलं नव्हतं.

अ‍ॅलर्जीच्या औषधाकडे लक्षच न जाणं

आपण जेवणातला प्रत्येक घास तपासतो आणि वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी विसरतो. मॉन्टेलुकास्ट हे दमा आणि अ‍ॅलर्जीसाठी मुलांना सर्रास दिलं जाणारं औषध. झोप बिघडणं, भयानक स्वप्नं, चिडचिड, आक्रमकपणा, उदासी असे मनावरचे परिणाम काहींमध्ये दिसल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक चौकटीतला इशारा टाकला. त्याच्या माहितीपत्रकातल्या दुष्परिणामांच्या यादीत ‘टिक’ हा शब्दही आहे. याचा अर्थ तुमच्या मुलाच्या टिक्स त्यामुळेच आहेत असा होत नाही. औषध कधी सुरू झालं आणि टिक्स किंवा स्वभावातला बदल कधी दिसला, या दोन तारखा शेजारी लिहून डॉक्टरांपुढे ठेवा, एवढंच. दम्याचं औषध मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं.

नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनसारख्या औषधांनीही मूल अस्वस्थ होतं, झोप उडते, आणि झोप गेली की टिक्स वाढतात. सर्दीच्या मिश्र सिरपमध्ये ते असू शकतं, म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा.

उलट दिशेची एक भीतीही इथेच दूर करते. टिक्ससोबत अतिचंचलपणा असलेल्या मुलांना मिथाइलफेनिडेट द्यायला पालक घाबरतात, कारण त्याने टिक्स वाढतात असं पूर्वी मानलं जाई. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हे औषध घेणाऱ्या मुलांमध्ये टिक्स वाढल्याचं प्रमाण खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं नाही. एखाद्या मुलाचा अनुभव वेगळा असू शकतो, पण केवळ ऐकीव भीतीपोटी उपचार नाकारू नका.

सप्लिमेंट म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत

एक मल्टिव्हिटॅमिन गमी, एक ‘शांत झोपेची’ मॅग्नेशियम पावडर, एक ‘मेंदूसाठी’ सिरप. तिघांमध्येही बी-६ असतं आणि आपण बेरीज करत नाही. मीही केली नव्हती. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या कमाल मर्यादांनुसार ४ ते ८ वर्षांच्या मुलाला सप्लिमेंटमधून दिवसाला ११० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मॅग्नेशियम नको. आहार धरून बी-६ ४० मिलिग्रॅमच्या आणि झिंक १२ मिलिग्रॅमच्या पुढे नको. बी-६ जास्त प्रमाणात बराच काळ पोटात गेलं तर नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. झिंक जास्त झालं की शरीरात तांब्याची कमतरता होते. आणि लोहाच्या गोळ्या तर कुलपातच ठेवा. चॉकलेट समजून खाल्लेल्या लोहाच्या गोळ्यांनी लहान मुलांना जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

‘आमच्या मुलाला काहीच सोसत नाही’ असं म्हणण्याआधी एक गोष्ट तपासा. बाधतं ते जीवनसत्त्वच की त्याच्याबरोबरचं काही? गोळीत लॅक्टोज असतं, सिरपमध्ये सॉर्बिटॉल, गमीत रंग आणि जिलेटिन. ओमेगा-३ बहुधा माशाच्या तेलातून येतं. काही ड्रॉप्सचा आधार सोया तेल असतो, काही प्रोबायोटिकमध्ये दुधाच्या प्रथिनांचा अंश सापडतो. मधमाश्यांनी गोळा केलेले परागकण आणि रॉयल जेली यांनी तर तीव्र अ‍ॅलर्जी आल्याच्या नोंदी आहेत. माझ्या मुलाचं मॅग्नेशियमने पोट बिघडायचं. मी त्याला अ‍ॅलर्जी म्हणत राहिले. मॅग्नेशियम आतड्यात पाणी ओढून घेतं, जास्त झालं की कुणालाही जुलाब होतात, ही साधी गोष्ट मला नंतर कळली. त्या दिवसापासून घरात येणाऱ्या प्रत्येक बाटलीच्या चारही बाजूंचा फोटो फोनमध्ये ठेवते. त्रास झाला तर डॉक्टरांना ब्रँडच्या नावापेक्षा तो फोटो उपयोगी पडतो.

रक्त तपासणीआधी सप्लिमेंटची यादीही सांगा. बायोटिन हे बी गटातलं जीवनसत्त्व जास्त असेल तर थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकू शकतात.

टिक्स खात्रीने कमी करतं असं कोणतंही सप्लिमेंट आजवर सिद्ध झालेलं नाही. तपासणीत लोह किंवा ड जीवनसत्त्व खरंच कमी निघालं तर ते भरून काढणं वेगळं, आणि टिक्ससाठी आंधळेपणाने बाटल्या फोडणं वेगळं.

आयजीजी तपासणीच्या यादीवरून ताट रिकामं करणं

कोणतं अन्न बाधतं हे सांगण्याचा दावा करणारी ही रक्ततपासणी. अहवालात शंभर-दोनशे पदार्थांची यादी, लाल-पिवळे-हिरवे रंग, आणि लाल रंगात नेमके मुलाचे रोजचे पदार्थ. ते साहजिकच आहे. आयजीजी प्रतिपिंडं (रक्तातली संरक्षक प्रथिनं) आपण काय खातो ते दाखवतात, काय बाधतं ते नाही. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये आणि कॅनडातल्या संघटनेने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं की अन्नाचा त्रास ओळखायला ही तपासणी वापरू नये. त्वचेवर टोचून केलेली किंवा रक्तातली आयजीई (दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची) तपासणी ‘पॉझिटिव्ह’ येणं म्हणजेही लगेच अ‍ॅलर्जी नव्हे. खाल्ल्यावर प्रत्यक्षात काय होतं, त्यावर निदान ठरतं.

इसब असलेल्या मुलांच्या पालकांनी इथे विशेष जपावं. सहन होत असलेला पदार्थ तपासणीच्या कागदावरून बराच काळ बंद ठेवला, तर पुन्हा देताना तीव्र प्रतिक्रिया येण्याचा धोका असतो. बंद करतानाही आणि परत सुरू करतानाही अ‍ॅलर्जीतज्ज्ञ सोबत हवेत.

‘असं करू नकोस ना!’

दिवसातून किती वेळा म्हटलं असेल मी. टिकवर बोट ठेवलं की ती वाढते. मूल ती शाळेत दाबून ठेवायला सगळी शक्ती खर्च करतं, घरी येऊन सोडतं, आणि आपण म्हणतो, मग शाळेत कसं जमतं? घरी जमत नाही कारण घरी ते सुरक्षित असतं.

टिक दुखत नसेल, कामात अडथळा आणत नसेल, तर तिच्याकडे पाहायचंच नाही. त्रास होत असेल तर टिक्ससाठीची वर्तन उपचारपद्धती आहे. टिकच्या आधीची अस्वस्थता ओळखायची आणि टिकच्या जागी तिच्याशी एकाच वेळी करता येणार नाही अशी दुसरी हालचाल करायची, असं तिच्यात शिकवतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२६ मुलांच्या चाचणीत ही पद्धत शिकलेल्यांपैकी ५२.५ टक्के मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली, तर फक्त माहिती आणि आधार मिळालेल्यांमध्ये १८.५ टक्के. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गोळ्यांच्याही आधी तिला जागा दिली. नऊ बाटल्यांच्या त्या वर्षात हे मला कुणी सांगितलं असतं तर!

शाळेला एकच चिठ्ठी देणं

दोन द्या. पहिलीत टिक्सबद्दल: तो मुद्दाम करत नाही, वर्गात टोकू नका, हवं तर दोन मिनिटं बाहेर जाऊ द्या. दुसरीत अ‍ॅलर्जीबद्दल, डॉक्टरांच्या सहीची. धाप, आवाज घोगरा होणं, घसा आवळणं किंवा चक्कर ही लक्षणं दिसली तर पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिन, त्याचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, आणि लगेच रुग्णवाहिका. अ‍ॅलर्जीची साधी गोळी देऊन वाट बघायची नाही, मुलाला उठून चालायला लावायचं नाही. खाकरण्याची टिक असलेल्या मुलाच्या बाबतीत शिक्षक ‘नेहमीचंच आहे’ म्हणून घसा आवळल्याची खूण सोडून देऊ शकतात, म्हणून त्याची नेहमीची टिक कशी असते तेही त्याच चिठ्ठीत लिहा.

टिकच असणार म्हणून डॉक्टरांकडे न जाणं

मूल एकटक बघत राहतं आणि हाक मारली तरी भानावर येत नाही, गाढ झोपेतही झटके येतात, हातातून वस्तू पडतात, घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांनी अंग वेडंवाकडं हलू लागतं, एका रात्रीत टिक्ससोबत टोकाची भीती किंवा जेवण नाकारणं सुरू होतं, किंवा मान इतक्या जोरात झटकली जाते की दुखते, हात बधिर होतो: यांतलं काहीही दिसलं तर वहीतले आकडे पूर्ण होण्याची वाट बघू नका. जाताना फोनवर काढलेला व्हिडिओ न्या. दवाखान्यात, अनोळखी माणसासमोर, मुलं बऱ्याचदा एकही टिक करत नाहीत.