बर्फ वितळला, गोल्फचं ग्रीन तपकिरी पडलंय? लगेच उपटायला घेऊ नका

बर्फ वितळल्यावर पहिला आठवडा ग्रीनकडे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताकडे, बघवत नाही, सगळं वाळक्या पेंढ्यासारखं, आणि कोणीतरी म्हणतंच की काढून टाका, नवीन लावू. जरा थांबा. तपकिरी म्हणजे मेलं असं नसतं, पानं गेली तरी मातीलगत मुळं आणि पानं जुळतात तो बारीक गड्डा, म्हणजे क्राऊन, जिवंत असला की गवत परत येतं.

आधी कप कटरने (होल पाडायचं अवजार) तीन-चार प्लग, म्हणजे मातीसकट गवताचे गोल तुकडे, काढा, एक बऱ्या जागेतला, एक वाईट जागेतला, आणि पाणी साचतं त्या खोलगट भागातला तर हवाच. उन्हाच्या खिडकीत ठेवा, ओल राखा, आठ-दहा दिवसात हिरवे कोंब दिसतात नाहीतर दिसत नाहीत, विषय संपला. एवढा दम नसेल तर क्राऊन ब्लेडने उभा चिरा. आत पांढरा, टणक असेल तर चांगलं, तपकिरी आणि बोटाखाली लिबलिबीत लागला तर गेला.

खोलगट भागच आधी का मरतो? हिवाळ्याच्या शेवटी दिवसा वितळलेलं पाणी तिथे साचतं, क्राऊन ते शोषून घेतो आणि रात्री कडाक्याची थंडी पडली की ते आतच गोठून पेशी फुटतात. पोआ (ग्रीनमध्ये आपोआप घुसणारं रानगवत) यात पटकन जातं, बेंटग्रास (ग्रीनवर मुद्दाम लावतात ते बारीक गवत) बरंच चिवट. गोल करडे चट्टे मात्र स्नो मोल्डचे, म्हणजे बर्फाखाली वाढणाऱ्या बुरशीचे, त्यात बहुतेक वेळा पानंच जातात, हलका रेक फिरवून हवा लागू द्या. गुलाबी असतील तर लक्ष ठेवा, ती बुरशी थंड ओल्या हवेत बर्फाशिवाय पण पसरते.

मेलेल्या जागी बी टाकायचं तर कॅलेंडर नाही, मातीतलं थर्मामीटर बघा. 10 अंशाखाली बेंटग्रासचं बी जवळपास हलतच नाही, हवा-पाणी जाऊ देणारं कव्हर घातलं की माती लवकर तापते. नुसतं वरून भुरभुरवू नका, बी मातीला टेकलं पाहिजे, म्हणून आधी बारीक भोकं पाडा, मग बी, वर वाळूचा पातळ थर, आणि पाणी थोडं थोडं पण दिवसातून तीन-चारदा. तण उगवू न देणारं औषध तिथे अजिबात नको, ते तुमचं बीपण उगवू देणार नाही (ही चूक लोक दरवर्षी करतात!). खत एकदम ओतू नका, आठवड्याला चौरस मीटरला अर्धा ग्रॅम नायट्रोजन पुरे.

कटिंगची उंची 3 मिमी असेल तर 4-5 वर न्या आणि खेळणाऱ्यांना टेम्पररी ग्रीनवर पाठवा, कुरकुर करतील, करू दे. वर वितळलेलं आणि खाली गोठलेलं असताना तर कोणालाच चालू देऊ नका, मुळं तुटतात.

आणि उशीर केलात तर मोकळ्या जागेत मातीत पडलेलं पोआचं बी आधी उगवतं, मे-जूनमध्ये मस्त हिरवं दिसतं, आणि पुढच्या बर्फात नेमकं तेच पहिलं जातं.