डिसेंबरातलं सेंट पीटर्सबर्ग: उजेड सहाच तास

डिसेंबरअखेर इथे सकाळी दहाला उजाडतं, चारला मावळतं. त्यामुळे पॅलेस स्क्वेअरचा चौक, नेवा नदीचा काठ आधी उरका, हर्मिटेज संग्रहालय दुपारी (सोमवारी बंद!). बुटात दोन जाड मोजे कोंबू नका: पाय आवळले की रक्त नीट फिरत नाही, बोटं जास्तच गारठतात. एकच लोकरीचा मोजा, बूट एक नंबर मोठा. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झटकन उतरते. कॅमेरा बाहेरच प्लास्टिक पिशवीत बंद करा, आत अर्ध्या तासाने काढा. नाहीतर लेन्सवर दव धरतं. संग्रहालयात कोट दाराशीच गार्डरोबमध्ये (कोट ठेवायच्या खोलीत) जमा करावा लागतो. कॉलरमागची टांगायची पट्टी तुटली असेल तर आदल्या रात्रीच शिवा, गार्डरोबवाल्या आजी सुनावतात. पासपोर्ट कोटात विसरू नका. आणि छपराखालून चालताना वर बघा, बर्फाचे सुळे कोसळतात.