तंत्रस्नेही शिक्षकांच्या संघटनेत तेच ते चेहरे? मग या चुका टाळा

२०१५ ला शिक्षण खात्याचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, त्याच वर्षी सरल हे शाळा-विद्यार्थ्यांच्या माहितीचं पोर्टल आलं, आणि ज्या गुरुजींना एक्सेल येत होतं त्यांचा भाव रातोरात वधारला. तेव्हा ज्यांनी तंत्रस्नेही, म्हणजे शिकवताना तंत्रज्ञान वापरणाऱ्या, शिक्षकांचे ग्रुप काढले, बऱ्याच ठिकाणी आज तेच अध्यक्ष, तेच सचिव, तेच सुलभक (प्रशिक्षण देणारे), आणि ‘नवीन लोक येतच नाहीत हो’ ही तक्रारही त्यांचीच. या मंडळींनी खूप काम केलंय, स्वतःच्या खिशातून प्रोजेक्टर आणलेत, त्याबद्दल वादच नाही. पण नवीन माणूस दारापर्यंत येऊन का परत जातो ते कोणी बघत नाही. माझ्या मते कारणं साधी आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सभासद फक्त शिक्षकच हवा हे धरून चालणं. अनुदानित हायस्कूलमध्ये जाऊन बघा, यू-डायस प्लसवर शाळेची माहिती कोण भरतं, शालार्थ या पगाराच्या प्रणालीत पगारबिलं कोण टाकतं, सरलला मुलं ट्रान्सफर कोण करतं? क्लार्क. दिवसा पोर्टल नुसतं गोल फिरत बसतं म्हणून रात्री अकराला लॅपटॉप उघडून बसणारा माणूस तो. संचमान्यतेला, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, आधार व्हॅलिड झालेली मुलंच धरायचं ठरलं तेव्हा खरी लढाई त्यानेच लढली, जनरल रजिस्टरला आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, नाहीतर जन्मतारखेत दिवस-महिना उलटापालटा, एकेक मूल मिसमॅच, आणि चार मुलं कमी धरली गेली तर शिक्षक अतिरिक्त ठरणार ही टांगती तलवार. शाळेची टेक्नॉलॉजी प्रत्यक्षात जो चालवतो त्याला आपल्या मेळाव्याचं निमंत्रणच नाही! तीच गत लॅबमधल्या कंत्राटी संगणक शिक्षकाची, नेटवर्किंग त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, पण तो ‘आपल्यातला’ नाही. संघटनेची घटना काढा, सभासदत्वाचं कलम वाचा, त्यात ‘शाळेतील तंत्रज्ञानाचं काम पाहणारी कोणतीही व्यक्ती’ असं बसवता येतं का बघा, आणि कंत्राटी लोकांची वर्गणी कमी ठेवा, नोकरी कधी संपेल माहीत नसलेला माणूस आजीव सभासद कशाला होईल?

दुसरी चूक, दरवेळी रविवारी जिल्ह्याच्या ठिकाणी मेळावा. भामरागडच्या शिक्षकाला गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. वर आपण म्हणणार, दुर्गम भागातले लोक उदासीन आहेत. वर्किंग डेला ठेवला तर वेगळी अडचण, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) निकषाने प्राथमिकला ६० मुलांच्या पटापर्यंत २ शिक्षक, म्हणजे एक मेळाव्याला आला की दुसऱ्याच्या गळ्यात सगळे वर्ग. त्यापेक्षा केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला लोक तसेही जमतात, केंद्रप्रमुखांशी बोलून तिथला अर्धा तास मागून घ्या आणि आपणच तिकडे जा. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून ऑन ड्युटीचं पत्र आधी मिळवा, आदल्या रात्री ग्रुपवर टाकलेल्या पत्राचा काही उपयोग नसतो.

मॅडम लोकांबद्दल तर काय बोलावं. प्राथमिकला एवढ्या शिक्षिका असून कार्यकारिणीचा फोटो बघितला तर एखाद्याच दिसतात, त्याही कोपऱ्यात. मेळाव्यात त्यांच्याकडे काय असतं, रांगोळी, औक्षण आणि सूत्रसंचालन. ऑनलाइन मीटिंग संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ, म्हणजे घरात स्वयंपाकाची, मुलांच्या जेवणाची वेळ, कॅमेरा बंद ठेवून पोळ्या लाटत ऐकणाऱ्या मॅडमना ‘तुम्ही काही बोलत नाही’ असं वर ऐकवायचं. मोबाइल नंबरचा विषय वेगळाच, शेकडो अनोळखी लोकांच्या ग्रुपमध्ये नंबर उघडा पडतो, मग गुड मॉर्निंगपासून सुरुवात होते आणि त्या गुपचूप लेफ्ट होतात. व्हॉट्सॲपवर कम्युनिटी करा, अनाउन्समेंट ग्रुपमध्ये सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. आणि ‘मॅडमपैकी कोणी घेणार का सेशन?’ असं हवेत विचारू नका. ठरावीक बाईंना फोन करा, सांगा की तुमच्या वर्गात तुम्ही दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ कसे वापरता ते फक्त २० मिनिटं दाखवा, लॅपटॉप-प्रोजेक्टरचं आम्ही बघतो. असं विचारलं की नाही म्हणणाऱ्या फार कमी निघतात.

स्टेजवरून दिपवून टाकायची हौस हाही एक रोगच. ग्रीन स्क्रीन, ॲनिमेशन, आता एआय. मागच्या रांगेतल्या सरांचा प्रॉब्लेम काय असतो? शाळेच्या लॉगिनचा ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर बदली होऊन गेलेल्या मुख्याध्यापकांचा आहे, आणि ते फोन उचलत नाहीत. हा प्रश्न विचारायची लाज वाटते, कारण समोर सगळे ‘तज्ज्ञ’. तेव्हा कार्यक्रमाची सुरुवातच मदत टेबलाने करा, तालुक्याच्या एमआयएसवाल्याला, म्हणजे पोर्टलवरची माहिती सांभाळणाऱ्याला, बसवा, लॉगिन अडकलंय, पासवर्ड हरवलाय, मूल दोन शाळांत दिसतंय, आधी ते सोडवा. ज्याचं काम झालं तो पुढच्या वेळी आपणहून येतो आणि शेजारच्या शाळेतल्याला घेऊन येतो.

सत्कारांचं जरा आवरा. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, अभिमानाचीच गोष्ट, पण त्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम बाकीच्या ९ अंतिम स्पर्धकांत वाटली हे आपण विसरतो. आपल्याकडे साधा माइक वाटला जात नाही. शाल-श्रीफळात दोन तास, शिकायला चाळीस मिनिटं, मग प्रमाणपत्र घेऊन लोक पळणारच.

भाषेचं लक्षातच येत नाही कुणाच्या. जत, अक्कलकोटकडे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, मालेगावात उर्दूच्या, बालभारती त्यांच्यासाठी पुस्तकं काढते पण आपलं सगळं मटेरियल मराठीत. भाषांतर नका करू हवं तर, पण उर्दू कीबोर्ड, उजवीकडून डावीकडे जाणारा मजकूर वर्डमध्ये कसा बसवायचा, यावर त्यांच्यातल्याच कुणाचं सेशन ठेवा.

आता काही नेहमीच्या तक्रारी. ग्रुपवर कोणी बोलत नाही? ‘ओन्ली ॲडमिन’ सेटिंग बघा आधी, गंमत नाही करत, वर्षानुवर्षं तसंच पडलेलं असतं. बोलायची मुभा आहे तरी शांतता, तर शेवटचा कोणीतरी प्रश्न विचारला तेव्हा त्याला ‘हे ग्रुपवर आधीच टाकलंय, वर बघा’ असं कोण म्हणालं ते शोधा. फॉर्म भरतात पण येत नाहीत? तारीख चुकली असणार, ३० सप्टेंबरच्या पटनोंदणीच्या आसपास, संकलित चाचणीत किंवा बीएलओची (मतदार यादीची) कामं चालू असताना कोणी येत नसतं.

शेवटी कार्यकारिणी. ती बदलत का नाही, याचं खरं कारण बऱ्याचदा सत्तेचा लोभ नसतोच, चेंज रिपोर्टचा कंटाळा असतो. नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर पदाधिकारी बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवावं लागतं, ठराव, संमतीपत्रं, वकिलाची फी, मग ‘राहू द्या की तेच’. यावर उपाय आहे, दर निवडणुकीच्या बजेटमध्येच ही फी धरा आणि निम्म्या जागा अशा ठेवा की ज्यावर आधीच्या टर्मचा माणूस उभाच राहू शकणार नाही. जुन्यांना सल्लागार करा, पण बँकेच्या सहीचा अधिकार आणि ग्रुपचं ॲडमिनपद मात्र नव्यांकडे द्या, नाहीतर नवा सचिव नुसता इतिवृत्त लिहीत बसतो आणि निर्णय जुन्यांच्या चहाच्या टपरीवर होतात.